पंचपात्रातला बर्फ

पुन्हा बटण दाबलं. दिवा लागला, पण पडदा काळाच. नेहमीचा 'टुं' आवाजही नाही. गिरीधरने पंचपात्रात आणखी कोरडा बर्फ टाकला.

कंप्युटर वहिनींचा होता. दादाचा कारखाना बंद पडल्यापासून रूपश्रीवहिनी त्याच्यावर लोकांचे प्रबंध, लग्नपत्रिका टाइप करून देत, आणि इंदिरानगरचं हे घर त्यावरच चाललं होतं. आज दुपारी मंडळाची पत्रकं द्यायची होती. वहिनी भाजीला गेल्या आणि गिरीधरचे हात शिवशिवले. प्रोसेसर शून्याच्या खाली गोठवला तर दीडपट वेगाने पळतो, असं त्याने इंटरनेटवर वाचलं होतं. कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आइस, आइस्क्रीमच्या कारखान्यातून मिळाला. तो भरून प्रोसेसरवर ठेवायला तांब्याचं सपाट बुडाचं भांडं मात्र घरात एकच होतं, आणि ते देवघरात होतं.

"थंडी कमी पडतेय," असं पुटपुटत त्याने बर्फ दाबून भरला. पंचपात्र बाहेरून पांढरंफेक झालं होतं. खाली पाण्याचे थेंब धरायला लागले होते.

"गिरी, माझं पंचपात्र कुठंय रे?" आतून आई, तुंगाबाई, ओरडल्या. "देव अजून पारोसे बसलेत!"

तेवढ्यात वहिनी दारात.

"वहिनी, मी जरा... सुरूच होईनासा झालाय."

वहिनींनी उघड्या कंप्युटरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पिशवी खाली ठेवली.

"आधी आईंचं पंचपात्र द्या, भावजी."

"पण ते काढलं तर..."

"देव खोळंबलेत ना?"

त्याने टॉवेलने धरून पंचपात्र उचललं, बर्फ डब्यात ओतला आणि ते आईला नेऊन दिलं. वहिनींनी प्लग काढला, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने थेंब टिपले, टेबलफॅन तिकडे वळवला आणि कॉफी टाकायला गेल्या. त्यापेक्षा मुस्काटात दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं. त्याने मूळचा छोटा पंखा प्रोसेसरवर परत बसवला.

कॉफी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "दाबा आता."

"मेला असेल तर?"

"बघितल्याशिवाय कसं कळणार? दाबा."

टुं! पडद्यावर अक्षरं भराभर चढू लागली. गिरीधर बघतच राहिला. प्रोसेसर मेला नव्हता, काकडला होता. पळायला त्याला थंडी चालत असेल, पण जागं व्हायला थोडी ऊब हवी होती; आणि हा शहाणा दर खेपेला वर बर्फच रचत होता.

त्याला वहिनींच्या पाया पडावंसं वाटलं.

"वहिनी, तुमचे उपकार मी..."

"सरी, सरी, असू द्या. पत्रकं काढा आधी."

प्रिंटर खरखरू लागला. आत घंटा वाजली आणि पाठोपाठ तुंगाबाई कडाडल्या, "अगंबाई! हे पाणी आहे की काय? देवांना हुडहुडी भरेल!"

वहिनींना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या उरलेल्या बर्फापाशी आल्या. थर्मोकोलच्या डब्यातून पांढरी वाफ जमिनीवर सांडत होती. त्यांनी वाकून ती पाहिली, आणि सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

"पुन्हा कराल तेव्हा मी घरी असताना करा, भावजी. मलाही बघायचंय."