निरोगी माणसाचं रक्त

प्रयोगशाळेच्या व्हरांड्यातली मारहाण नुकतीच थांबली होती. फरशीवर डॉक्टरांचा दात पडला होता आणि तो उचलायला कुणी वाकत नव्हतं.

ज्याने मारलं होतं त्या, वॉर्डातल्या रुग्ण मुलीच्या भावाने हातातलं स्टीलचं स्टूल हळुवारपणे खाली ठेवलं. काळा चष्मा कपाळावर सारून त्याने दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले.

"रडून रडून आटलेत," तो प्रयोगशाळेतल्या संशोधिकेला म्हणाला.

तिची नजर त्याच्या बोटांवर गेली. नखं मुळापर्यंत नाहीशी झालेली. बहिणीच्या काळजीने कुरतडून संपवलीत बिचाऱ्याने, तिच्या मनात आलं.

म्हातारे फॅमिली डॉक्टर भिंतीला टेकून बसले होते. तोंडावरचा रुमाल लाल झाला होता. "मारू दे त्याला," ते पुटपुटले. "तापाची गोळी मीच दिली."

"ऐकलंत? थेरडा स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. तिकडे वॉर्डात चादर बदलायला जावं तर चादरीबरोबर कातडी निघून येतेय तिची! आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो, बाई. आता कुठे लग्न करून निघाली होती, मला टाकून." त्याने जेवणाचा डबा छातीशी धरला. "अजून घास माझ्याच हातचा जातो तिला. निकाल सांगा. मग याची बोटं एकेक करून मोडतो."

निकाल काय असणार हे संशोधिकेला ठाऊकच होतं. सलत होतं ते एवढंच, की तापाची गोळी केव्हाच बंद झाली होती, तरी कातडी सुटतच होती.

ती आत गेली. तोही मागोमाग आला. डबा टेबलावर ठेवून तिच्या खांद्यामागे उभा राहिला.

बहिणीच्या कातडीतून वाढवलेल्या पेशींचा थर काचेच्या तबकडीतल्या खळग्यांच्या तळाशी लाद्यांसारखा पसरला होता. त्यावर तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडल्या होत्या आणि प्रत्येक खळग्यात असा आजार आणणाऱ्या नेहमीच्या औषधांपैकी एकेक. रक्ताला आठवण असते. ज्या औषधाने एकदा होरपळवलं ते पुन्हा भेटलं, की पांढऱ्या पेशी चवताळतात आणि कातडी फाडून काढतात. ज्याने ते औषध कधी घेतलंच नाही, त्याचं रक्त स्वस्थ बसतं.

सूक्ष्मदर्शकाखाली तापाच्या गोळीचा खळगा शांत होता. एक लादी हललेली नव्हती.

फिटच्या गोळीच्या खळग्यात मात्र कत्तल झाली होती. पेशी फुटून, सुटून, गोळे होऊन तरंगत होत्या.

"डॉक्टरांनी काही केलेलं नाही," ती सावकाश म्हणाली. "ही फिटची गोळी आहे. तिला फिट येत होत्या?"

"छे! आमच्या घरात कुणालाच नाही. तुमचा थरच नासका असेल."

"त्याची खात्री करायलाच तुमचं रक्त घेतलं होतं. सख्खं भावंड, दोघांच्या पेशींचा साचा हुबेहूब एक, म्हणजे तुमचं रक्त तिच्या कातडीला परकं मानणार नाही, त्यात तुम्ही निरोगी. तुमच्या पेशी इथे गप्प बसल्या, की थर धड आहे असं समजायचं."

"मग बघा की. आमच्यासारख्या धडधाकट माणसाचं रक्त काय बोलणार?" तो हसला. सुईपुढे दंड करतानाही त्याने कशासाठी म्हणून विचारलं नव्हतं.

तिने काच सरकवली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ काढला नाही.

फिटच्या गोळीत भावाच्या रक्ताने बहिणीच्या कातडीचा एक कणही जागेवर ठेवला नव्हता. शेजारच्या सगळ्या खळग्यांत ते निवांत पहुडलं होतं.

तिने वर पाहिलं. टेबलाच्या कडेवर त्याची बोटं होती. ती नखं कुणी कुरतडलेली नव्हती. ती याच आजारात गळून पडली होती आणि पुन्हा उगवलीच नव्हती; डोळेही त्यातच आटले होते.

तिने जेवणाचा डबा आपल्याकडे ओढून घेतला.

"तुम्हाला ही गोळी कधी बाधली होती?"

त्याने काळा चष्मा डोळ्यांवर उतरवला आणि व्हरांड्यातला डॉक्टरांचा दात ओलांडून तो चालू लागला.