कोरडी बरणी

पडद्यावर ते कण तरंगत होते, निदान काकांना तरी तसं वाटलं. दुपारचे तीन वाजले होते, पण मायक्रोस्कोपच्या खोलीत सगळे प्रहर सारखेच. पंपाची बारीक घरघर आणि पडद्याचा करडा उजेड. त्या उजेडात भिंगरी बसली होती, आणि चक्क एका जागी बसली होती! एरवी संशोधन करणारी ही पोर प्रयोगशाळाभर गरगर फिरायची, म्हणून तर काकांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं.

"काका, बघा ना. वर्षापूर्वी यांना कशी टोकं होती! आता बघा, फुगून गुबगुबीत झालेत. झोपलेली बाळं जशी."

काका बघत राहिले. बघता बघता त्यांनाही पेंग आल्यासारखं झालं. धूळच ती, युरेनियमची. युरेनियम आणि फ्लोरीन यांचा वायू नळीतून निसटला की हवेतला ओलावा त्याला गाठतो, पांढरा धूर होतो आणि धुरातून हे कण अलगद खाली बसतात. पुढेही ओलावा त्यांची पाठ सोडत नाही. फ्लोरीन हळूहळू सुटत जातो, कण रूप पालटतात. किती फ्लोरीन उरला, त्यावरून धूळ कधीची ते सांगता येईल, असं भिंगरीचं म्हणणं. बत्तीस वर्षं इथल्या बरण्या सांभाळून काकांना एवढं कळायला लागलं होतं. गेलं वर्षभर त्यांत भिंगरीच्या कणांच्या दोन बरण्या होत्या, एकीत हवा ओली, दुसरीत कोरडी.

"आणि हे ओल्या बरणीतले नाहीत बरं का! कोरड्या बरणीतले! म्हणजे कोरड्या हवेतही फ्लोरीन सुटतो. सर तर उडालेच. पाच वाजता लेख पाठवतोय आम्ही."

काकांना बरणीतले मणी आठवले.

कोरड्या बरणीच्या तळाशी ओलावा शोषणारे मणी असत. कोरडे असले की निळे, ओलावले की गुलाबी. मागे एकदा ते गुलाबी झालेले पाहून भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सगळे नमुने वाया गेले, पोर दोन दिवस धड जेवली नाही. म्हणून यंदा एका सोमवारी मणी पुन्हा गुलाबी दिसले, तेव्हा ती यायच्या आत काकांनी ते भट्टीत सुकवले आणि निळे करून परत ठेवले. झाकणाचं रबर जरा सैल असेल, बसेल आपोआप, अशी मनाची समजूत घातली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग दर सोमवारी. भिंगरी आली की आधी बरणीत डोकावायची, "निळेच!" म्हणून टाळी वाजवायची, आणि काकांचा दिवस सोन्याचा व्हायचा.

"आणि काका, लेखात तुमचेही आभार मानलेत. बरणी कोरडी ठेवल्याबद्दल."

गप्प बसावं, असं काकांना फार वाटलं. कुणाला कळणार होतं? पुढच्या वर्षी तर ते घरी बसणार होते. पण उद्या कुठेतरी कुणीतरी असल्याच धुळीचं वय चुकीचं सांगेल, आणि तेही या पोरीच्या नावावर विसंबून.

"मानू नकोस," ते म्हणाले. "ती बरणी कोरडी नव्हती गं."

"म्हणजे?"

काकांनी सगळं सांगितलं. रबर, भट्टी, सोमवार. सांगताना त्यांचा आवाज चोरट्यासारखा झाला, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"किती सोमवार?"

"अठ्ठावीस. त्याआधी खरंच निळे होते, आईशपथ."

"एका शब्दानं बोलला नाहीत, काका?"

"तुझा तो चेहरा मला बघवत नाही गं."

भिंगरीने फोन उचलला. "सर, लेख थांबवा. ... नाही, नका पाठवू. बरणीत ओलावा जात होता. ... हो, माझंच लक्ष नव्हतं. येते वर." तिने फोन ठेवला. ती पडद्याकडे वळली. ते कण तसेच होते, गोल, निवांत, कसलीच घाई नसलेले.

"काका," ती म्हणाली, "यापुढे गुलाबी झाले, तर मला गुलाबीच दिसू द्या."

आणि मग तिचे डोळे भरून आले. गालांवरून पाणी ओघळलं, हनुवटीशी आलं. काकांचा हात सवयीने खिशातल्या रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला. रुमाल न काढता त्यांनी खुर्ची ओढली, आणि ते तिच्याशेजारी बसून राहिले.