येते हं

“तुझे मोचीकाका अजून बसलेत बघ,” पोपट म्हणाला.

ती थांबली. सकाळी अकराला याच गल्लीत तिच्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि याच दुकानात तिने तो शिवून घेतला होता. दारावरच्या पाटीवर ठळक लिहिलं होतं, शनिवारी एकपर्यंत. आता चार वाजायला आले होते. आजूबाजूची सगळी दुकानं केव्हाच बंद झाली होती. या एकाच दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आत दिवा जळत होता, आणि म्हातारा मोची रिकामे हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत होता.

परदेशात शिकायला आलेले हे तिघं, दोन दिवसांची सुट्टी काढून एक नवं शहर बघायला निघाले होते. सहलीचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक करते म्हणून एकीचं नाव कप्तान. इथली भाषा सगळ्यांत आधी उचलली म्हणून तो पोपट. आणि ती प्रत्येक दुकानाच्या काचेपाशी रेंगाळते, म्हणून गोगलगाय. मनोऱ्याच्या तीनशे बारा पायऱ्या चढून झाल्या होत्या, नदीकाठी बसून सँडविच खाऊन झाली होती, कुठल्याशा सेनापतीच्या पुतळ्याच्या नाकावरून पोट दुखेपर्यंत हसून झालं होतं. दिवस मजेत चालला होता. खुपत होतं ते एकच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघांनी समुद्रकाठच्या एका हॉटेलात काम करायचं घाटत होतं आणि तिने आज संध्याकाळपर्यंत कप्तानला होकार द्यायचा होता. तिकडे आईने फोनवर दोनदा विचारलं होतं, “सुट्टीत येतेस ना?” दोघींना तिचं उत्तर एकच होतं. बघते.

तिला पाहून मोची उठला आणि त्याने शटर पूर्ण वर केलं.

“या. दुसरी चप्पल द्या.”

“दुसरी?”

“सकाळी सांगितलं ना, तिचाही पट्टा आज-उद्या जाणार. तुम्ही म्हणालात, मी येते. म्हणून थांबलो.”

तिला आता उलगडा झाला. सकाळी बाहेरून हे दोघं हाका मारत होते. मोचीचं निम्मं बोलणं तिच्या डोक्यावरून गेलं होतं. तिने पिशवी उचलली, दारात वळली आणि जन्मभराच्या सवयीने म्हणाली, येते हं. फक्त म्हणाली ती त्याच्या भाषेत, शब्दाला शब्द लावून.

कप्तानने कपाळावर हात मारून घेतला. “अगं, निरोपाचा शब्द पहिल्याच धड्यात आहे.”

“थांब, मी समजावतो त्यांना,” पोपट पुढे सरसावला.

“नको. घोळ माझा आहे, मीच निस्तरते.”

ते दोघं बाहेर उभे राहिले. ती आत जाऊन स्टुलावर बसली आणि चप्पल काढून दिली. मग अडखळत, दोनदा क्रियापदाचा काळ चुकवत, तिने सांगायला सुरुवात केली. आमच्या भाषेत निघताना जाते म्हणत नाहीत. जाते म्हटलेलं चांगलं वाटत नाही. कोपऱ्यावर साखर आणायला निघालं तरी येते म्हणायचं.

मोची दोऱ्याला मेण लावत होता. “म्हणजे तुम्ही येणार नव्हता.”

“नव्हते. चुकलं माझं. तुमचं जेवण राहिलं असेल.”

“मी इथेच वर राहतो. ताट खाली आणलं, झालं.” त्याला गंमत वाटलेली दिसत होती. “तुमच्याकडे सगळेच असं म्हणतात?”

“सगळेच.”

“मग घरच्यांना कसं कळतं, खरंच कोण येणार आहे ते?”

उत्तराला लागणारे सगळे शब्द तिला येत होते.

“कळत नाही,” ती म्हणाली. “ते वाट बघतात.”

मोचीने मान हलवली आणि सुई पट्ट्यात घातली. विमानतळाच्या दारात, दोन बॅगा सावरत, ती आईला असंच म्हणाली होती. येते गं. ये, म्हणाली होती आई, आणि काचेचं दार मिटल्यावरही तिथेच उभी राहिली होती. त्याला आता आठ महिने झाले होते. तिला एकदम भरून आलं. मोचीच्या ते लक्षात आलं असावं, पण तो शिलाईवरून नजर न उचलता काम करत राहिला.

दोन्ही चपला घट्ट झाल्यावर ती बाहेर आली.

“कप्तान, समुद्राला मी नाही गं. सुट्टीत घरी जातेय.”

“हे आत्ता सांगतेस? काल काय झालं होतं?”

“काल ठरलं नव्हतं.”

कप्तानने गाल फुगवले. गल्ली संपेपर्यंत ती दोघांच्या पुढे चालली.

“मग आमच्या घरी चक्कर मार,” शेवटी कप्तान म्हणाली. “माझा निळा स्वेटर तिकडेच राहिलाय. आणि आईशी जरा बसून बोल. फोनवर तिचं समाधान होत नाही.”

“बसेन.”

पुलावर आल्यावर तिने त्या दोघांना पुढे जायला सांगितलं, कठड्याला टेकली आणि घरी फोन लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला.

“काय गं, बरी आहेस ना?”

“छान आहे. आई, एक तारीख लिहून घे.”

“कसली तारीख?”

“माझ्या येण्याची.”

पलीकडे फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज झाला. एक खण उघडला, आपटून बंद झाला, दुसरा उघडला.

“अहो, पेन,” आई लांबून बाबांना म्हणत होती. “आधी पेन द्या. कशाला ते मग सांगते.”