माठातला आवाज

"पाण्याची धार सोडा पप्पा, थांबू नका," सुकन्या म्हणाली आणि तिनं उपड्या माठाच्या बुडावर ड्रिल टेकवलं.

रामकिशन तांब्यातून बारीक धार सोडत राहिला. पिकअप दारातच उभी होती, मागं झेंडूचे क्रेट रचून झाले होते. लाल पाणी अंगणात पसरलं आणि बुडाला करंगळीएवढं भोक पडलं. माठ तडकला नाही. सुकन्यानं तो उचलून भोकाला डोळा लावला.

"दिसायलात पप्पा."

"बस झालं कौतुक. नांदेड गाठायचंय."

सकाळीच ती अहमदपुरात स्टँडमागच्या वीरण्णाच्या दुकानात जाऊन आली होती. गाडीतला जुनाच डेक ठेवायचा, भंगारात गेलेल्या गाडीचे दोन स्पीकर घ्यायचे, वायर तेवढी नवी आणि जाड. वीरण्णा म्हणाला, बेस पाहिजे तर लाकडी पेटी लागंल. पेटी परवडत नव्हती. "माठ परवडतो," सुकन्या म्हणाली. मोबाईलवर तिनं बघितलं होतं. तोंडावर स्पीकर बसवायचा, बुडातून वायर काढायची, काम खलास. वीरण्णा हसला, पण माठाच्या तोंडावर बसेल असाच स्पीकर त्यानं शोधून दिला.

एक स्पीकर दारात बसला, एक माठात. माठ सीटच्या पायाशी जुन्या ट्यूबनं आवळून टाकला. सुकन्यानं गाणं लावलं. आधी काच थरथरली, मग क्रेटमधली वरवरची फुलं. शेजारची कोंबडी ओट्यावरून खाली उतरली.

"आता बघा कसा डोळा लागतो ते," सुकन्या म्हणाली.

पोळ्याच्या आधी लोह्याच्या अलीकडं रामकिशनचा डोळा लागला होता आणि गाडी सोयाबीनमध्ये उतरली होती. तेव्हापासून सुकन्याची आई पुनम रोज त्याच्या शेजारी बसून नांदेडला जायची. जाताना बोलायची, येताना बोलायची. कुणाच्या म्हशीपासून कुणाच्या सोयरिकीपर्यंत. परत आल्यावर भाकरी, आणि उजाडायच्या आत पुन्हा फुलं तोडायला. परवा ती परातीत पीठ मळता मळता बसल्या जागी झोपली. सुकन्यानं तिच्या हाताखालून परात काढून घेतली, तरी तिला कळलं नाही. गाडीला गाणं पाहिजे, हे सुकन्यानं त्याच वेळी ठरवलं होतं.

पुनम डबा घेऊन बाहेर आली.

"आई, डबा पप्पाकडं दे अन् तू झोप जा. आजपासून तुझी ड्युटी बंद."

पुनम हसली. आवाज कुठून येतोय ते बघायला ती वाकली. हसू तिथंच थांबलं.

"ह्याला भोक कुणी पाडलं?"

"मी. वायरीसाठी."

"भोकाचं मडकं कवा लागतंय, ठाऊक हाय का तुला?"

सुकन्याला ठाऊक होतं. आजोबांच्या वेळी तिनं बघितलं होतं. काका खांद्यावर मडकं घेऊन सरणाभोवती फिरला, मागून कुणीतरी दगडानं भोक पाडलं आणि पाण्याची धार लागली. ड्रिल हातात असताना यातलं काहीच तिला आठवलं नव्हतं. आणि पाणी तर तिनं बापाच्याच हातानं सोडायला लावलं होतं.

तिनं गाणं बंद केलं.

"अगं माठ हाय तो," रामकिशन म्हणाला. "करंटचं काम हाय. उगं काहीबी काढू नको."

"मग काढा तो भाईर."

"काढला तर गाण्याला काय दम ऱ्हातोय?"

पुनमनं पदर कमरेला खोचला, गाडीचं दार उघडलं आणि खिडकीशी जाऊन बसली. डबा मांडीवर घेतला.

"आता हे काय?"

"ह्याच्यासंगं तुम्हाला एकट्याला सोडत न्हाई मी."

"आई, मी तर तुझ्यासाठीच—"

"तू बी चढ. शाळेला सुट्टी हाय न्हवं?"

सुकन्या दोघांच्या मधे बसली.

गाडी डांबरीला लागल्यावर रामकिशननं गाणं लावलं. माठ घुमला. पुनमनं सवयीनं सुरुवात केली, "वीरण्णाच्या पोरीला म्हणं बघायला..." पण पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही. तिनं आणखी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायचं कामच उरलं नाही तिला. ती बाहेर बघत बसली.

माळाकोळी यायच्या आत तिची मान खिडकीला टेकली. तोंड उघडं पडलं. डबा घसरला, तो सुकन्यानं वरच्यावर धरला. पुनमच्या चपला निघाल्या होत्या आणि दोन्ही पायांच्या बेचक्यात तिनं माठ घट्ट धरला होता. त्याच्या दणक्यानं तिची पैंजणं हलत होती. ती मात्र गाढ झोपली होती.

रामकिशननं एकदा तिकडं बघितलं. हात पुढं केला आणि आवाज कमी केला.

सुकन्यानं वाढवला.

त्यानं पुन्हा कमी केला. "उठंल ती."

"अन् तुम्ही झोपाल."

"न्हाई झोपत."

त्यानं डेक बंदच करून टाकला. नुसतं इंजिन ऐकू येऊ लागलं. समोरचा रस्ता सरळ होता, उन्हानं पांढरा पडलेला. मागून झेंडूचा वास येत होता. थोडं अंतर गेल्यावर रामकिशननं एक जांभई दाबली. दुसरी त्याला दाबता आली नाही.

सुकन्या डेककडं बघत राहिली. मग आईच्या पायांकडं. तिनं डबा मांडीवर नीट घेतला, बापाच्या बाजूला जरा सरकली आणि हळू आवाजात विचारलं,

"पप्पा, शेषेरावकाकांची म्हैस गाभण हाय म्हणं?"