सोमवारचं मौन

"आई, डॉक्टर माझी गाठ काढणार आणि तू पदराला बांधतेस? अगं, देवाचा गोंधळ होईल ना!"

ऑपरेशनला नेतानाही शाल्मलीचं तोंड बंद नव्हतं. नवसाची गाठ घट्ट करत मी दटावलं, "देवाची थट्टा करू नये."

मेंदूतली गाठ सगळी निघाली. माझी आठ वर्षांची लेक शुद्धीवर आली, डोळे उघडून बघू लागली, पण बोलेना. डॉक्टर म्हणाले, "डोक्याच्या मागच्या भागातल्या ऑपरेशननंतर काही मुलांची वाचा जाते. बहुतेकांची परत येते. वाट बघू." दोन आठवडे वाट बघितली. शेवटी महादेवाला शब्द दिला, हिला वाचा दे, मी दर सोमवारी दिवे लागेपर्यंत मौन पाळीन.

"घरातल्या बोलणाऱ्या दोघीच," हे म्हणाले, "आता दोघींच्या वाटचं मी एकट्यानं बडबडू का?"

पहिल्याच सोमवारी मी सिस्टरना संपलेलं सलाइन खुणेनं दाखवलं, चहा खुणेनंच नाकारला. शाल्मलीला पेज भरवतानाही नुसता आ करून दाखवला. ती टक लावून बघत होती. मग तिचे ओठ हलले. शब्द जड होते, तुटक होते.

"आई... तू... मुकी झालीस?"

"नाही गं माझे बाई!" मी एवढ्यानं ओरडले की सिस्टर धावत आल्या.

"मग... बोल ना."

दिवे लागायला अजून खूप अवकाश होता. मनातल्या मनात महादेवाला म्हटलं, तू थांब जरा, लेक बोलतेय.