दोरखंडातली कवळी

आमचे हे वस्तू हरवण्यात पटाईत आणि मी शोधण्यात. म्हणून निवृत्तीनंतर मला कॉम्प्युटरवरच्या त्या प्रवासाच्या खेळाचा नाद लागला. पडद्यावर कधी बंदर येतं, कधी विमानतळ. तिथल्या पसाऱ्यात लपलेली वस्तू दिसली की क्लिक करायचं.

परवा बंदरावर, दोरखंडाच्या वेटोळ्यात, यांची हरवलेली कवळी दिसली. मी क्लिक केलं. चित्रातून कवळी गेली आणि आमच्या टेबलावर टक्कन वाजली.

"बघ, टेबलावरच होती!" हे म्हणाले. आभार मानायची यांना सवय नाहीच.

पुढे छत्री विमानतळावर मिळाली, एक मोजा वाळवंटात. माझी चंगळ झाली.

आज सकाळी मात्र नवलच घडलं. यांनी ओला टॉवेल दोरीवर वाळत घातला आणि स्वतःचा कप विसळून ठेवला. उशिरा का होईना, अक्कल आली म्हणून मी खुशीत खेळायला बसले. हेही शेजारी येऊन बसले.

पडद्यावर रेल्वेचं प्रतीक्षालय आलं. खाली लिहिलं होतं, 'नवरा शोधा'.

मला हसू आलं. तेवढ्यात बॅगांच्या ढिगामागे ओळखीचं टक्कल दिसलं. फाटका बनियन, खांद्यावर ओला टॉवेल. हे आतून काचेवर थापा मारत होते. 'क्लिक कर, क्लिक कर!' असं ओठांवरून कळत होतं.

मी हळूच शेजारी पाहिलं.

"घाई नाही," शेजारचे हे गोड आवाजात म्हणाले. "तुझ्यासाठी चहा टाकू का?"

मी माऊसवरचं बोट उचललं.

"साखर कमी," मी म्हणाले.