गवताच्या गंजीतलं विमान

नवरा गेल्यापासून ती बस म्हटलं की बसायची, जेव म्हटलं की जेवायची. रडून मोकळी हो म्हणत होते सगळे, तेवढं मात्र जमत नव्हतं.

आज तिने त्याचा कॉम्प्युटर लावला, ऑनलाइन विमानयुद्धाच्या खेळातल्या त्याच्या दोस्तांना तो गेल्याचं कळवायला. त्या टोळक्याचा एक अजब नियम होता. एकाचं विमान आपटलं की बाकीच्यांनीही मुद्दाम त्याच्याशेजारी येऊन आपटायचं, एकट्याची फजिती होऊ द्यायची नाही. "जिंकायला खेळता की आपटायला?" असं ती नवऱ्याला हिणवायची.

हेडफोन कानाला लावेपर्यंत कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि विमान उडालं. ते उतरवायचं कसं, हे तिला कुठे ठाऊक? धावपट्टी राहिली बाजूला. विमानाने कोंबड्यांचं खुराडं उडवलं आणि ते गवताच्या गंजीत नाक खुपसून, शेपटी वर करून उभं राहिलं.

कानात हशा पिकला. "दादा, शत्रू सोडून कोंबड्यांच्या मागे का लागलात?"

"मी त्यांची बायको बोलतेय," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "हे गेले. मागच्या आठवड्यात."

त्यांच्यातला एकजण म्हणाला,

"वहिनी, तिथेच थांबा. आम्ही येतोय."


एकामागून एक सगळी विमानं त्याच गंजीत येऊन आपटली, आणि कुणी काही म्हणायच्या आत ती रडून मोकळी झाली.